रात्री तपकिरी, सकाळी राखाडी

साडेचार तास. एका फोटोला साडेचार तास. आणि सकाळी फाइल उघडते तर आजोबा राखाडी. सिमेंटच्या पोत्यासारखे राखाडी!

काल रात्री हेच आजोबा सायकलच्या हँडलवर हात ठेवून झकास तपकिरी उभे होते. सावल्या काळ्याच ठेवल्या होत्या, मधल्या छटांना ऊब दिली होती आणि मागची भिंत पांढरी. पांढरं ते पांढरंच राहिलं पाहिजे, याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. एका बटणात मिळतो तो सेपिया म्हणजे गंजक्या नळाचं पाणी. कागद, दात, ढग, सगळ्यांवर सारखंच ओतलेलं. अहो, डार्करूममध्ये प्रिंट ब्लीचमध्ये घातली की आधी उजळ भागांतली चांदी विरायची, गडद भाग शेवटपर्यंत तग धरायचे. ब्लीच मध्येच थांबवलं की सावल्या काळ्या राहायच्या आणि बाकीचं सल्फाइडच्या द्रावणात तपकिरी होऊन परत यायचं. कुजक्या अंड्यांचा वास सहन करून लोकांनी कमावलेली गोष्ट आहे ती. आणि इथे 'व्हिंटेज 3' नावाचं बटण!

असो. तर मी बटण वापरत नाही, फोटोच्या सॉफ्टवेअरमधला ड्युओटोन वापरते. काळी शाई, तपकिरी शाई, दोघींचे वेगळे कर्व्ह, म्हणजे कुठल्या छटेत किती शाई ते ठरवणाऱ्या रेषा. आता स्कॅन मी 16 बिटमध्ये केलेला, म्हणजे 65,536 छटा. ड्युओटोन म्हणतो, 8 बिट करून आण, 256 पुरे. बरं बाबा, 256. केलं. मग दीड तास त्या तपकिरी कर्व्हचा एकच ठिपका वर-खाली, वर-खाली. शेवटी जमलं.

आणि मग मी सेव्ह करायला गेले.

यादीत जेपेग नाही. टिफ नाही. पीएसडी आहे, म्हणजे सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल, ईपीएस आहे, पीडीएफ आहे. फोटो मामाला फोनवर पाठवायचाय, छापखान्यात नाही! यादी वर सरकवली, खाली सरकवली, बंद करून पुन्हा उघडली, जणू जेपेग पाणी प्यायला गेलंय आणि येईलच एवढ्यात. का नाही, हे सांगायची पद्धतच नाही या सॉफ्टवेअरला. 'ड्युओटोन जेपेगमध्ये बसत नाही, आधी आरजीबी (लाल-हिरवा-निळा) कर' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर काय हात झिजले असते? कुठली तरी नवी सोय आली की उघडल्या उघडल्या तीन फुगे तोंडावर येतात, 'हे पाहिलंत का?' नाही पाहिलं. पाहायचं नाही. मला जेपेग दाखव.

रात्री साडेबाराला माझं मलाच आठवलं, आरजीबी. केलं. जेपेग आलं यादीत, अगदी साळसूदासारखं. सेव्ह केलं. संपलं असतं इथेच.

पण खाली कोपऱ्यात आकडा दिसला. आत्तापर्यंत 8.24 एमबी असलेला फोटो 24.7 झाला होता. तिप्पट! काळ्यापांढऱ्या फोटोला तीन चॅनल कशाला, असा शहाणा विचार माझ्या डोक्यात आला. परत ग्रेस्केल, म्हणजे एकच राखाडी चॅनल, केलं. फोटो जरासा फिका वाटला, म्हटलं डोळे दमलेत. कंट्रोल एस. बंद. झोप.

आता तुम्ही म्हणाल, ग्रेस्केल करताना ते विचारतं की, रंगाची माहिती टाकून देऊ का म्हणून. विचारतं. मला नाही विचारत. तीन वर्षांपूर्वी कधीतरी 'पुन्हा दाखवू नका'च्या चौकोनात बरोबरची खूण मीच केली होती, आणि मोठ्या तोऱ्यात केली होती. एरवी हे सॉफ्टवेअर माझं एक अक्षर लक्षात ठेवत नाही. शेवटचा फोल्डर विसरतं, ब्रशचा आकार विसरतं, जेपेगची क्वालिटी दरवेळी स्वतःच्या मनाने ठरवतं. तीन वर्षांपूर्वीची ती एक खूण तेवढी शिलालेखासारखी जपून ठेवलीय.

आणि ज्या 24 एमबीसाठी मी हे दिवे लावले, तो आकडा नुसता उघड्या फोटोचा. जेपेगमध्ये उजेड वेगळा साठवतात आणि रंग वेगळा, रंग तर बहुतेक वेळा निम्म्याच रिझोल्यूशनला. एवढ्याशा हलक्या तपकिरीचं वजन ते काय पडणार होतं? हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांना ऐकवलेलंही आहे.

मूळ स्कॅन शाबूत आहे, तेवढी अक्कल शिल्लक होती. पण त्यावर धूळही शाबूत आहे. धुळीचं तर नावच काढू नका. स्कॅनरमध्ये धूळ काढायची ती इन्फ्रारेडवाली सोय आहे ना, ती आपल्या काळ्यापांढऱ्या निगेटिव्हला चालतच नाही, फिल्ममधली चांदीच इन्फ्रारेड अडवते. मग ते बटण तिथे दिमाखात उजळलेलं का असतं? पहिल्यांदा मी दाबलं होतं. आजीच्या एका डोळ्याला धूळ समजून पुसून टाकलं त्याने. तेव्हापासून ठिपका न् ठिपका हाताने काढते, आणि कालचे तीन तास त्यातच गेले. ती मेहनत आता फक्त त्या राखाडी जेपेगमध्ये आहे. त्यावर कर्व्ह ताणला की कोटाच्या सावलीत 8 बाय 8 चे चौकोन उठतात, आजोबांनी फरशी पांघरल्यासारखे. पीएसडी? पीएसडी ठेवली नाही. यादीत पहिलं नाव तेच होतं, आणि मी रागाने त्याच्याकडे बघितलंही नाही.

एवढं सगळं भाच्याला सांगितलं तर म्हणतो, "मावशी, कशाला त्रास घेतेस? एआयला दे, रंगीत करून देईल." दिलं होतं ना एकदा! आजोबांना निळे डोळे आले आणि मिटलेल्या ओठांतून दात. मामा बिचारा घाबरून विचारत होता, हे कोण म्हणून.

तर आज रात्री पुन्हा बसले. आधी चौकोनातली ती खूण काढली. मूळ स्कॅन नव्याने ठिपके काढून साफ केला, आणि या वेळी पहिल्यांदा पीएसडी ठेवली. साडेअकरा वाजले. आता टोन. मोड बदलायला माऊस वर नेला आणि थबकलेच. फोटो तपकिरी होता. सावल्या काळ्या, गालांवर ऊब, सगळं कालच्यासारखं, किंबहुना कालच्यापेक्षा बरं. मी टोनला अजून हातही लावला नव्हता.

खाली घड्याळाशेजारी बघितलं. नाइट लाइट चालू होता, अख्खी स्क्रीन पिवळसर करणारा. रोज रात्री दहाला आपोआप लागतो. तो मीच लावून ठेवलाय, डोळ्यांना त्रास नको म्हणून.