घाण्यामागे पळीभर तेल

भास्कराचार्य आपले की कर्नाटकाचे, यावरून आमच्या चाळीसगावच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर चार दिवस जुंपली आहे. एक म्हणतो त्यांचं जन्मगाव विज्जडवीड म्हणजे विजापूर, दुसरा म्हणतो ते आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणच्याच आसपास होतं. मी मध्ये बोललो, तर उत्तर आलं, "तू जर्मनीत. तुला काय त्याचं?"

मला आहे त्याचं. जन्मगावावरून भांडणाऱ्यांनी पाटणादेवीचा शिलालेख एकदा वाचावा. १२०७ साल. देवगिरीला यादव सिंघणाचं राज्य. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव त्याच्या दरबारी ज्योतिषी. त्याने पाटणला मठ काढला तो आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. मांडलिक सोइदेवाने दान दिलं. शेवटच्या ओळींत संस्कृत थांबतं आणि जुनी मराठी सुरू होते, कारण आता रोजच्या खर्चाची बोली आहे: बाजारातल्या मालाच्या उत्पन्नातून मठाला वाटा, घाण्यामागे पळीभर तेल. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणी ग्रंथाच्या अभ्यासाला घाण्याचं तेल! यादवांचं मोठेपण मला कुठल्याही लढाईपेक्षा या पळीत दिसतं.

इथे गटिंगेनमध्ये घरोघरी संगमरवरी पाट्या आहेत, कोणता विद्वान कुठल्या साली त्या घरात राहिला ते सांगणाऱ्या. गणिती गाउस जन्माने ब्राउनश्वाइगचा, पण वेधशाळा त्याने इथे सांभाळली, म्हणून तो इथला. त्यावरून दोन गावं भांडताना मी ऐकलेली नाहीत.

मला मात्र चौदा वर्षांनंतरही शेजारीण विचारते, "सुट्टीत घरी जाणार का?"

आणि खरं सांगायचं तर तो शिलालेख मी चाळीसगावात वाचलाच नाही. शाळेची सहल दर वर्षी पाटणादेवीला जायची. धबधब्यात भिजलो, डबे खाल्ले, दगडाकडे पाहिलंही नाही. वाचला तो इथल्या ग्रंथालयात, फ्रांझ कीलहॉर्न यांनी छापलेला. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून इथे प्राध्यापक झाले होते. माझ्या तालुक्याचा दगड मला एका जर्मन माणसाने वाचून दाखवला, याची लाज वाटते.

त्याच शिलालेखात भास्कराचार्यांच्या मुलाबद्दल, लक्ष्मीधराबद्दल लिहिलंय: राजा जैत्रपालाने त्याला या गावातून नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. तो गेला, तरी पाटणने त्याचं नाव दगडावर ठेवलं.

डिसेंबरात येतोय. पाटणला माझ्याबरोबर कोण कोण येणार, तेवढं ग्रुपवर सांगा रे.