छोटी बाटली ‘चौपट ताकदीची’, पण फक्त बाटलीत

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इंजिन ऑइलमध्ये घालायच्या अ‍ॅडिटिव्हची मोठी बाटली म्हणजे नुसतं साधं तेल, पैसे वाया. छोटी कॉन्सन्ट्रेट बाटली चौपट ताकदीची. ती बाईक, स्कूटर, कार सगळ्यांना चालते, आणि थोडी जास्त पडली तर फायदाच. शिवाय अमेरिकेत सगळे वापरतात. माझ्या भाच्याने हे मनावर घेतलं आणि भुर्दंड भरला, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘चौपट’चा हिशोब. समजा ३०० मिलीच्या बाटलीत कामाचा माल ३० मिली आहे आणि बाकीचं वाहक तेल. ७५ मिलीच्या छोट्या बाटलीतही तोच ३० मिली माल आहे. म्हणजे बाटलीत छोटी खरोखरच चौपट घट्ट. पण आपण इंजिनाला बाटली पाजत नाही. चेंबरमध्ये एकूण साडेतीन लिटर ऑइल धरलं, तर कोणतीही बाटली ओता, मालाचं प्रमाण ०.८६ टक्केच. म्हणून दुकानात बाटलीची किंमत किंवा मिली पाहू नका; ती किती लिटर ऑइलसाठी आहे ते लेबलवर वाचा आणि लिटरमागे किती रुपये पडतात ते काढा.

‘मोठी बाटली म्हणजे नुसतं तेल’ हे अर्धंच खरं. ऑइल खाणाऱ्या, धूर मारणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी जे मधासारखं जाड अ‍ॅडिटिव्ह मिळतं, त्यात तो जाडपणा हेच औषध असतं. ऑइल घट्ट करायला तेवढा ऐवज आत जावाच लागतो, तो चमचाभर द्रवात मावत नाही. अर्थात पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा त्याने भरून येत नाहीत. आणि ०W-२० सारखं पातळ ऑइल मागणाऱ्या नव्या गाडीत ते घालूच नये. मोठ्या बाटलीची खरी अडचण वेगळीच आहे: ती ओतायची तर तेवढं ऑइल कमी भरावं लागतं. नाहीतर पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे जाते, इंजिनातला फिरणारा क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला नीट आधार देत नाही. इथे छोटी बाटली सोयीची, हे मान्य.

आता ‘सगळ्या गाड्यांना चालते’. सगळ्यात घातक वाक्य हेच. बहुतेक गिअरच्या बाईकमध्ये क्लचच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. त्यांना घर्षण लागतं, म्हणून त्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानकं) लिहिलेलं असतं. घर्षण कमी करणारं अ‍ॅडिटिव्ह त्यात पडलं की क्लच घसरतो. भाच्याचं हेच झालं. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर त्याने अ‍ॅक्सिलरेटर पिळला, इंजिन कोकललं, पण गाडी पुढे सरकेना. दुकानदाराने कारसाठीची बाटली ‘अर्धी टाक’ म्हणून दिली होती. ऑइल दोनदा बदललं तरी घसरण थांबली नाही, शेवटी प्लेटा नव्या टाकाव्या लागल्या. सीव्हीटी म्हणजे बिनगिअरच्या स्कूटरमध्ये क्लच कोरडा असतो, म्हणून तिला ‘एमबी’, म्हणजे कमी घर्षणाचं ऑइल चालतं. स्कूटरला चाललं ते बाईकला चालेलच असं नाही.

त्या ‘अर्ध्या’चाही हिशोब बघा. वरच्याच उदाहरणात ७५ मिली साडेतीन लिटरला, म्हणजे लिटरभर ऑइलच्या बाईकला २१ मिलीच. अर्धी बाटली ओतली की जवळजवळ पावणेदोन पट. अंदाजाने ओतणाऱ्याला कॉन्सन्ट्रेट जास्त नडतं.

‘जास्त म्हणजे फायदाच’ हेही चूक. डब्यातल्या ऑइलमध्ये मळ काढणारी, गाळ तरंगत ठेवणारी, झीज रोखणारी रसायनं आधीच मोजून घातलेली असतात. यातली बरीचशी धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा धरायला धडपडतात. एकाची भर घातली की दुसरं हटतं. झीज रोखणाऱ्या जस्ताच्या रसायनात फॉस्फरस असतो आणि तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरकडे जाणारा धूर शुद्ध करणारा भाग) निकामी करतो, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या आजच्या पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये त्याला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला जळल्यावर कमी राख सोडणारं ऑइल मुद्दाम दिलेलं असतं. वरून घातलेली बाटली ही सगळी मापं मोडते.

राहिला मेसेजमधला ‘अमेरिकेत सगळे वापरतात’ हा दाखला. तिथल्याच फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये स्लिक ५० या नावाजलेल्या अ‍ॅडिटिव्हच्या जाहिरातींवर कारवाई केली आणि १९९७ मध्ये कंपनीला समझोता करावा लागला. आयोगाचं म्हणणं होतं की मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑइल घातलं तर बहुतेक इंजिनांना गाडी सुरू होतानाही पुरेसं संरक्षण मिळतं.

तेव्हा छोटी की मोठी, हा प्रश्न आधी ऑइलच्या डब्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी ताडून पाहिल्यावरच. भाच्याच्या बाईकमध्ये आता मॅन्युअलमधलं एमए२ ऑइल आहे, सोबत काहीही नाही, आणि परवा तो खंबाटकी तिसऱ्या गिअरवर चढून आला.