बायोकेमिस्ट्रीच्या पीएचडीबद्दलचा मेसेज अर्धवटच खरा आहे

‘यूजीसीचा नवा नियम: तीन वर्षांच्या बीएस्सीनंतर थेट पीएचडी, कोर्सवर्क बंद, पेपरही नको’ हा मेसेज आमच्या बायोकेमिस्ट्रीच्या ग्रुपवर फिरतोय. मी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पीएचडीबद्दलची नोव्हेंबर 2022 ची अधिसूचना मुळातून वाचली.

पेपरचा भाग खरा आहे. 2016 च्या नियमांतली शोधनिबंधाची सक्ती यूजीसीने काढली. तरी नोंदणीआधी आपल्या विद्यापीठाचे नियम वाचाच.

बाकी चूक आहे. थेट प्रवेश चार वर्षांच्या पदवीला आहे, तोही किमान 75 टक्के गुण असल्यास (राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत). तीन वर्षांची बीएस्सी असेल तर एमएस्सी हवीच, 55 टक्क्यांनी. कोर्सवर्क, म्हणजे संशोधनासोबतचा वर्गातला अभ्यासक्रम, बंद नाही; तो किमान 12 क्रेडिटचा आहे. प्रबंध बाहेरचे किमान दोन परीक्षक तपासतात आणि मग खुली मौखिक परीक्षा होते. पीएचडीची किमान मुदत तीन वर्षं आहे. एखादं प्रथिन शुद्ध करण्यातच कित्येक महिने जातात, हे प्रयोगशाळेत काम केलेल्यांना ठाऊक आहे.

या मेसेजवर विसंबून कुणी एमएस्सीचा प्रवेश सोडू नये, ही मनापासून काळजी वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.