गव्हाणीतला राक्षस

गेल्या महिन्यात आमच्या घरात नऊ किलो साखर संपली. घरात माणसं तीन: मी, सौभाग्यवती आणि आई. त्यातल्या आईला मधुमेह. किराणा दुकानदारानं वहीत उधारी मांडताना भुवई उंचावून विचारलं, "भाऊ, घरात कार्य आहे का?" त्याला काय सांगणार? कार्य नाही बाबा, राक्षस आहे.

तसा तो घरात नाही, शेजारी आहे. कारखाना रोडवरचं शेवटचं घर आमचं. त्यापुढे ऊसगाड्यांचा मोडका वजनकाटा आणि त्यापुढे बंद पडलेला साखर कारखाना. प्लॉट घेताना एजंट म्हणाला होता, "एकदा हंगाम सुरू होऊ द्या, या रस्त्याला पाय ठेवायला जागा मिळणार नाही." त्याचं बोलणं अर्धं खरं ठरलं. हंगाम काही सुरू झाला नाही, पण सध्या आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते.

प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग देवळाला जसा कळस तसं प्रत्येक तालुक्याला धुराडं हवंसं झालं. आमच्या तालुक्याचं धुराडं उशिरा आलं आणि लवकर विझलं. आधी कर्ज झालं, मग बँकेचं सील लागलं, मग अवसायक आले, मग लिलावाच्या नोटिसा आल्या. रात्रीचे लिलाव त्याआधीच सुरू झाले होते. पहिल्यांदा पितळ गेलं, मग तांबं, मग मोटारी, खिडक्या, दारं, आणि शेवटी 'विनापरवाना प्रवेश नाही' ही पाटीसुद्धा गेली. धुराडं तेवढं राहिलं, कारण ते खांद्यावर टाकून नेता येत नाही. त्याच्या फटीत आता पिंपळ उगवलाय.

संक्रांतीच्या सुमाराला एक शेतकरी रात्री एक वाजता मोटार चालू करायला निघाला होता. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीच येते, त्यामुळे भुतं दिसण्याचा पहिला मान शेतकऱ्यांचा. त्यानं कारखान्यातून किंकाळी ऐकली. कुणीतरी पत्र्यावरून खिळा ओढतंय आणि ओढणाऱ्याचाच गळा कुणीतरी दाबतंय, अशी. पाठोपाठ पांढरं काहीतरी त्याच्या डोक्यावरून गेलं. माणसासारखं तोंड, पाय नाहीत, पंखांचा आवाज नाही. सकाळी चहाच्या टपरीवर ते पाच फुटी होतं, दुपारी त्याला लाल डोळे फुटले आणि संध्याकाळी त्यानं एक शेळी खाल्ली. ती शेळी दोन दिवसांनी शेजारच्या वाडीत सापडली, पण गावाच्या दप्तरी ती खाल्लेलीच राहिली.

त्या दिवसापासून सातच्या बातम्या संपल्या की मंडळी आमच्या गच्चीवर. तिथून कारखाना सरळ समोर दिसतो, हा माझा गुन्हा. राक्षस नऊच्या आत काही बोलत नसे. मग दोन तास काय करायचं? चहा.

या दोन तासांत राक्षसाची जात ठरवायची चर्चा चाले. एक गट म्हणे, धुराड्यावर पिंपळ आहे म्हणजे मुंजाच. दुसऱ्या गटाची हरकत अशी की मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा लागतो, कारखान्यात तर सगळे बायकापोरांचे. वेताळ म्हणावा तर त्याची पालखी निघते, दिवट्या दिसतात. इथं तर साधा बल्ब नाही. कुणी चकवा सुचवला. चकवा माणसाला एकाच जागेभोवती रात्रभर फिरवतो. त्यावर एक जुने सभासद शांतपणे म्हणाले, "चकवा कारखाना चालू होता तेव्हाच होता. उसाच्या बिलासाठी मी चार वर्षं ऑफिसाभोवती फिरलोय." बिबट्याचा पक्ष सगळ्यांत अभ्यासू. जुन्नरकडे उसातच बिबटे राहतात, उसातच पिल्लं घालतात, हे त्यांना पाठ होतं. "बिबट्या उडतो का?" एवढ्या एका प्रश्नावर तो पक्ष फुटला.

मी मात्र स्वयंपाकघर आणि गच्ची यांमध्ये ट्रे घेऊन फिरत होतो. खाली आमच्या सौ. पातेल्यावर पातेली चढवत होत्या. "अहो, त्या राक्षसाला म्हणावं, एकदाच ये आणि या सगळ्यांना घेऊन जा. यांनाही नेलंस तरी चालेल," असं एक वाक्य मला जिन्यात ऐकू आलं. 'यांनाही' म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. त्याऐवजी हिशेब करत बसलो. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते, म्हणजे नऊ किलोला नव्वद किलो ऊस. सभासद म्हणून या कारखान्यानं मला दिवाळीला कधी दोन किलोच्या वर सवलतीची साखर दिली नाही, आणि बंद पडल्यावर माझीच नऊ किलो खाल्ली.

आठवड्याभरानं दुसरा आवाज सुरू झाला. स्स्स्स... जरा थांबून... स्स्स्स. आणि गावात बातमी फुटली की बॉयलर आपोआप पेटला!

ही बातमी ऐकून नाना आले. नाना बॉयलरवर फायरमन होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचे सव्वीस महिन्यांचे पगार थकलेले होते, ते अजून थकलेलेच आहेत. त्यांनी इस्त्री केलेला खाकी शर्ट घातला होता. तो इतक्या वर्षांनी कुठून काढला कोण जाणे, घड्यांवर कापड पिवळं पडलं होतं. चहा नको म्हणाले (त्या महिन्यात असं म्हणणारा हा एकच माणूस). कठड्याला टेकून, डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. गच्चीवर सगळे गप्प. शेवटी म्हणाले, "वाफ नाही ही. वाफ श्वास घ्यायला थांबत नाही."

आणि लगेच, "उद्या आत जाऊन बघू."

रविवारी संध्याकाळी आम्ही सात जण निघालो. त्यातले तिघं फक्त व्हिडिओ काढायला. विज्ञान शिकवणारे गुरुजी भिंग घेऊन आले होते. मला का नेलं? "तुमचं घर जवळ आहे," म्हणून. बळी द्यायचा झाला तर प्रवासखर्च कमी, असा विचार असावा.

आत मळीचा वास अजून तसाच होता. आंबट-गोड, घशाला चिकटणारा. यंत्रं गेली, माणसं गेली, वास कुणाला काढून विकता आला नाही. नाना पुढे चालत होते आणि रिकाम्या जागांची नावं सांगत होते. "इथं मिल. इथं पॅन. इथं माझी खुर्ची." गुरुजींना खाली काळ्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या सापडल्या. एकीतून हाड डोकावत होतं. व्हिडिओवाल्यांपैकी एकजण "नरभक्षक!" म्हणाला आणि घरी गेला. गुरुजींनी चार गोळ्या रुमालात बांधल्या.

मग आम्ही गव्हाणीपाशी आलो. ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऊस ज्यात टाकतात आणि जिथून तो गिरणीकडे सरकत जातो ती गव्हाण. हंगामाच्या पहिल्या दिवशी पुढारी इथंच मोळी टाकतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोत मोळीला बारा हात लागलेले असतात. त्या गव्हाणीच्या वरच्या अंधाऱ्या फळीवरून आवाज आला. स्स्स्स.

माझ्या हातात दगड होता. मी तो फेकला असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो सुटला. पत्र्यावर ठण्णकन आदळला, किंकाळी उठली आणि पांढरं पांढरं काहीतरी आमच्या डोक्यावरून गेलं. एवढं मोठं पाखरू, पण हवासुद्धा वाजली नाही. उरलेल्या दोघांचा व्हिडिओ मी नंतर पाहिला. त्यात आभाळ आहे, एक चप्पल आहे आणि "आई गं" आहे.

नाना जागचे हलले नव्हते. त्यांनी बॅटरी वर धरली. फळीवर चार पिल्लं ओळीनं बसली होती. पहिलं चांगलं थोराड, शेवटचं मुठीएवढं, जुन्या फोटोत भावंडं उंचीप्रमाणे उभी करतात तशी. पांढऱ्या विड्याच्या पानासारखी तोंडं. चौघंही मान डावी-उजवीकडे झुलवत आमच्यावर फुसफुसत होती.

"गव्हाणी घुबड," गुरुजी म्हणाले.

"बरोबर जागेवर बसलंय मग," नाना म्हणाले. गुरुजींनी सांगायचा प्रयत्न केला की नावातली गव्हाण ही गोठ्यातली, गुरांची. नानांनी ते कानावर घेतलं नाही.

परत आल्यावर गुरुजींनी आमच्याच स्वयंपाकघरात पातेलंभर कोमट पाणी मागितलं आणि गोळ्या त्यात सोडल्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस असे गोळे करून ओकून टाकतं. चिमट्यानं केस बाजूला करताच कवट्या निघाल्या, शेंगदाण्यापेक्षा जराशा मोठ्या, पुढचे दात पिवळे आणि वाकडे. एका गोळीत तीन. "शेतकऱ्याचा फुकटचा गडी आहे हा," गुरुजी रंगात आले. एक कान वर, एक खाली, म्हणून काळोखात नुसत्या आवाजावर उंदीर पकडतो, वगैरे. सौ. दारात उभ्या राहून फक्त पातेल्याकडे बघत होत्या. ते पातेलं आता कुंडी म्हणून वापरात आहे.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आईनं विचारलं, "दगड कुणी मारला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं कपाळावर हात मारला. घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि घासत बसतं, दगड जसा झिजतो तसा मारणारा झिजतो. गुरुजी "अंधश्रद्धा!" म्हणून ओरडले, पण कुणाचं लक्ष नव्हतं. सौभाग्यवतींनी महिन्याभरात पहिल्यांदा हसून विचारलं, "आई, साधारण किती किलो झिजतं हो?"

माझं वजन ९१ किलो आहे. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, हिनं भाताचा डबा कपाटात ठेवून पाहिला.

आता मंडळी राक्षस बघायला येत नाहीत, मला बघायला येतात. येतात, दंड चाचपतात, "थोडे उतरलात हं" म्हणतात आणि बसतात. चहा चालूच आहे. कारखान्याकडे फिरकायची सोय राहिलेली नाही, कारण तिथं नाना असतात. मोडक्या काट्याच्या केबिनीत खुर्ची टाकून रोज संध्याकाळी बसतात. घुबडं पकडून मांत्रिकांना विकणारे लोक असतात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, हे गुरुजींनी सांगितल्यापासून त्यांनी ड्युटी लावून घेतली आहे. कुणी गेटाकडे वळलं की आतून आवाज येतो, "मागं फिरा. हंगाम चालू आहे."

काल मी एसटी स्टँडवरच्या मशीनवर नाणं टाकून वजन केलं. ९२ किलो ४००. येताना नानांना पावती दाखवली. त्यांनी ती बॅटरीच्या उजेडात धरली, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्या गंजलेल्या काट्यावर थाप मारली.

"स्टँडवर कशाला गेलात, भाऊ? हा आपला काटा चालू असता तर पहिल्याच दिवशी ऐंशी भरला असतात."