सेंट्रल पार्कचा कोणता फोटो?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'मुंबई सेंट्रल पार्क' करायचं ठरल्यापासून तिकडच्या प्रत्येक वादात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक फोटो हजर असतो. वरून घेतलेला, चहूबाजूंनी मनोरे आणि मध्ये गच्च हिरवा आयत. रेसकोर्सचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला; २०२४ मध्ये १२० एकर महापालिकेकडे यायचं ठरलं; कोस्टल रोडच्या भरावाची जमीन जोडून सुमारे ३०० एकरांचं उद्यान होणार. समर्थक म्हणतात, अस्संच करू. विरोधक म्हणतात, त्यांनी निसर्ग राखला आणि तुम्ही जमिनीखाली वाहनतळ नि क्रीडासंकुल खोदायला निघालात. फोटो दोघांचाही तोच.

मी न्यूयॉर्कमध्ये राहतो. माझं म्हणणं, दोघांनीही १८६२ चे फोटो बघावेत. व्हिक्टर प्रिव्हो नावाच्या मूळच्या फ्रेंच छायाचित्रकाराने पार्क घडत असताना ते काढले. त्यांतल्या एकात सहा माणसं विलोडेल कमानीवर उभी आहेत. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स, म्हणजे आराखडा करणारे दोघे, त्यांच्यातच. हे पार्क म्हणजे तेव्हा एक मोठं बांधकाम होतं. तळी दलदल खोदून केलेली, आडवे रस्ते मुद्दाम खाली खचवलेले, झाडं लावलेली. तेव्हा 'राखलेला निसर्ग' हे विरोधकांनी सोडून द्यावं. पण समर्थकांनीही खूश होऊ नये. ओल्मस्टेडने गाड्या खाली घातल्या त्या चार रस्त्यांपुरत्या. वाहनतळाच्या छपरावर मातीचा थर अंथरून वडा-पिंपळाची मुळं कुठवर जाणार?

या फोटोंत जे नाही, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पार्कच्याच जागेवर, पश्चिम बाजूला ८२ ते ८९ व्या रस्त्यांदरम्यान, आधी सेनेका व्हिलेज होतं. १८२५ पासूनची वस्ती, १८५५ मध्ये सुमारे २२५ माणसं, बहुसंख्य कृष्णवर्णीय, काही आयरिश. घरं, चर्च, शाळा. कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर अडीचशे डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे, म्हणून इथल्या प्लॉटचं मोल निराळंच होतं. वर्तमानपत्रांनी मात्र त्यांना झोपडपट्टीवाले, उपरे ठरवलं (ही भाषा आपल्याला अनोळखी नाही). १८५७ पर्यंत सगळे हटवले गेले. मालकांना काहीतरी भरपाई मिळाली, भाडेकरूंना नाही. प्रिव्हो कॅमेरा घेऊन आला तेव्हा वस्ती जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यामुळे त्याच्या फोटोंत तिचा मागमूस नाही. तिथे माहितीफलक लागला तो २००१ मध्ये.

शिवाय तयार झालेलं पार्क काही सगळ्यांना मोकळं नव्हतं. सुरुवातीच्या काळात हिरवळीवर पाय ठेवायची बंदी होती, आणि मुलांना चेंडू खेळायचा तर शाळेतून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा लागे. मुंबईच्या ओव्हल मैदानावर एकाच वेळी वीस सामने खेळणाऱ्या पोरांना हे सांगून बघा. तिथलं मैदान तरी कुठे सहज मिळालं म्हणा! १८८० च्या दशकात एस्प्लनेडवर, म्हणजे फोर्टालगतच्या तेव्हाच्या मोकळ्या मैदानावर, गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्ट्या उखडल्या, तेव्हा पारशी क्रिकेटपटूंना अर्जांवर अर्ज करावे लागले.

आणि उद्यान वाढवायचं कसं, हे शिकायला इतक्या लांब यायची गरजच नाही. भायखळ्याची राणीची बाग १८६२ चीच. पण वादात आठवतात ते पेंग्विन. तिथली जुनी झाडं नागरिकांना भांडून सांभाळावी लागली.

परदेशातून सल्ला देणं सोपं असतं, हे मान्य. तरी एक मागतो. रेसकोर्सवर पहिला जेसीबी येण्याआधी महापालिकेने तिथे छायाचित्रकार पाठवावा. पहाटे फिरायला येणारे, तबेल्यांतले मोतद्दार नि त्यांची बिऱ्हाडं, पावसात तुंबणारा कोपरा, प्रत्येक मोठं झाड. ते फोटो आराखड्यासोबत हरकती-सूचनांसाठी मांडावेत, आणि कोण कुठे जाणार हे त्यांच्याखाली लिहावं.