‘थंडीचे लाड’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

मिनेसोटातल्या स्नो डेवर, म्हणजे बर्फ किंवा कडाक्याच्या थंडीमुळे शाळेला मिळणाऱ्या सुट्टीवर, मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. अशी सुट्टी म्हणजे मुलांचे लाड, असं तुमचं म्हणणं. एरवी मी आभाराच्या दोन ओळी लिहून मोकळी होते. पण तुम्ही सुरुवातच “अहो ताई, डॉलरची ऊब लागली की थंडी जरा जास्तच वाजते वाटतं” अशी केलीत, म्हणून हे लांबलं. टीका करा ना, जरूर करा. पण मी कुठे राहते आणि काय कमावते याचा शाळेच्या सुट्टीशी काय संबंध?

आधी माझी चूक. 30 जानेवारी 2019 ला मिनिआपोलिसचा पारा उणे 28 वर गेला होता, असं लिहून पुढे मी सेल्सिअस टाकलं. ते फॅरनहाइट होतं. तुम्ही दाखवून दिलंत, दुरुस्त केलंय. मात्र सेल्सिअसमध्ये ते उणे 33 होतं, म्हणजे चूक तुमच्याच सोयीची होती. वारा धरला तर अंगाला लागणारी थंडी उणे 45 च्याही खाली. टपाल खात्यानेही त्या दिवशी इथे टपाल वाटलं नाही. पोस्टमनचेही लाडच म्हणायचे!

आता तुमचं ते वाक्य. “26 जुलैला आम्ही छातीभर पाण्यातून शाळेतून घरी आलो, काही मेलो नाही.”

तुम्ही सुखरूप आलात, आनंद आहे. पण 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शेकडो माणसं गेली. ती काही प्रतिक्रिया लिहायला येणार नाहीत. कितीतरी मुलं रात्रभर शाळेत अडकली, आईबापांचा जीव टांगणीला. यात मर्दुमकी कसली?

अमेरिकेतही हे घडलंय. 28 जानेवारी 2014, अटलांटा. बर्फ जेमतेम दोन-अडीच इंच. आमच्याकडे त्याला कुणी बर्फ म्हणणार नाही. सकाळी शाळा भरल्या. दुपारी बर्फ दिसल्यावर शाळा, ऑफिसं सगळं एकदम सुटलं, रस्ते गोठले, गाड्या जागच्या हलेनात. हजारो मुलं त्या रात्री शाळेत झोपली, काही तर स्कूल बसमध्येच अडकली. म्हणून निर्णय पहाटेच घ्यावा लागतो. सुपरिटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या (विभागातल्या) सगळ्या शाळांचा प्रमुख, चारला उठून रस्ते बघतो, बसवाल्यांना फोन करतो, पहिली बस निघायच्या आत घरोघरी निरोप जायला हवा. तेव्हा अजून काहीच झालेलं नसतं. मग दुपारी लख्ख ऊन पडतं आणि तुमच्यासारखे विचारतात, यासाठी सुट्टी? (मुलांचा सुपरिटेंडंटवर भरवसा नसतो. सुट्टी मिळावी म्हणून ती पायजमा उलटा घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपतात.)

आणि इथे ऊठसूट शाळा बंद होत नाहीत. 2014 च्या जानेवारीत गव्हर्नर मार्क डेटन यांनी थंडीमुळे राज्यभरच्या शाळा बंद ठेवल्या, त्या 17 वर्षांत पहिल्यांदा.

मला पाऊसपाण्याचं शिकवू नका. मी पाटण तालुक्यातली. इरलं घेऊन, ओढा ओलांडून शाळेत गेलेय. माझे वडील त्याच शाळेत गुरुजी होते. ओढ्याचं पाणी चढायला लागलं की ते कुणाच्या आदेशाची वाट न बघता शाळा सोडायचे आणि पलीकडे पोचलेलं एकेक पोर मोजायचे. वरून विचारणा झाली की ऐकून घ्यायचे. त्यांना कुणी लाड करणारे म्हटलं नाही.

इथला अनुभवही सांगते. एका जानेवारीत आमच्या डिस्ट्रिक्टने शाळा चालू ठेवली. डिझेल थिजून बस बंद पडली आणि मी लेकाला घेऊन पंचवीस मिनिटं स्टॉपवर. पापण्यांवर बर्फ, कानाची पाळी पांढरी फटक. तो कान अजूनही थंडीत दुखतो. तुम्ही हे पुण्यात चहा पीत वाचत असाल, तर निदान पाळीला हात लावून बघा.

बाकी तुम्ही लिहिलंय की शाळा बंद म्हणजे कित्येक मुलांचं दुपारचं जेवण बुडतं आणि तासावर काम करणाऱ्या आईबापांचा रोज बुडतो. असेल. तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी. ऑनलाइन वर्गांबद्दलही तेच.

शेवटी तुम्ही “ही प्रतिक्रिया तुम्ही उडवणारच” असं लिहिलंय. उडवलेली नाही. “रहातात” तेवढं “राहतात” केलंय.