नैरोबीहून: बंदुकीआधी पंचनामा

विदर्भात वाघाची शिकार उघडकीस आली की तोच आग्रह पुन्हा कानावर येतो: शिकारी दिसला की गोळी घाला. महाराष्ट्र सरकारने २०१२मध्ये तशी मोकळीक जाहीर केली होती, तिचा दाखला अजून निघतो. वर ‘तुमच्या आफ्रिकेत बघा’ हे शेपूट असतंच.

आफ्रिकेत बघाच. इथे केनियात रेंजरकडे बंदूक आहे, २०१३चा वन्यजीव कायदा जन्मठेपेपर्यंत जातो. मोम्बासात २०१४मध्ये दोन टनांहून अधिक हस्तिदंत सापडलं, २०१६मध्ये त्या प्रकरणात फैसल मोहम्मद अलीला २० वर्षांची शिक्षा झाली. २०१८मध्ये उच्च न्यायालयाने पुराव्यातल्या त्रुटी दाखवून त्याला सोडलं. त्या निकालात बंदुकीचा काहीच उपयोग नव्हता.

आपल्याकडे वाघाच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. खटला ढिला पडतो तो घटनास्थळीच. शेताकडेला उच्च दाबाच्या ११ केव्ही वीजवाहिनीवर आकडा टाकून, खुंट्यांवर ओढलेल्या तारेच्या धक्क्याने वाघ मारलेला असतो. वनरक्षक पोचण्याआधी गावकरी तिथे फिरून गेलेले असतात. तार गुंडाळून जीपमध्ये टाकली, खुंट्या तिथेच राहिल्या, तर तार नेमकी कुठून कुठे ओढली होती हे कोर्टात कशाच्या आधारे सांगणार? आधी जागा दोरीने अडवा. प्रत्येक खुंटीचा मोजपट्टीसह फोटो आणि जीपीएस नोंद घ्या, मगच हात लावा. नखं, मिश्या, कातडी वेगवेगळ्या पाकिटांत सील करा आणि सीलचा ठसा पंचनाम्यावर उमटवा. मुद्देमाल कोणी, कधी, कोणाकडे दिला याची साखळी एका दिवसासाठी तुटली तरी डीएनए अहवालावर प्रश्न उभा राहतो. दर गुन्ह्यात तेच दोन पंच घेऊ नका. बचावाचा वकील आधी तेच विचारतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५०(८)खालचा जबाब अधिकार दिलेल्या सहायक वनसंरक्षकाने किंवा वरिष्ठाने, आरोपीसमोर नोंदवायचा असतो. नुसत्या पोलिसी दोषारोपपत्रावरही भागत नाही. कलम ५५प्रमाणे कोर्टात तक्रार लागते, सहसा अधिकृत अधिकाऱ्याची.

हे दुरून सांगणं सोपं, असं म्हणणारे म्हणोत. इथल्या सिंहांचं मला कौतुक आहे, पण जीव तुटतो तो ताडोबाच्या बातमीने. म्हणून मागणी एवढीच: बंदुकांच्या आधी प्रत्येक वनपरिक्षेत्राला सीलिंगचं पूर्ण साहित्य द्या, आणि प्रत्येक वनविभागाला तक्रार दाखल होण्यापूर्वी कागद तपासणारा पूर्णवेळ वकील.